आसन आणि शिल्प : वेंडेल कॅसल यांच्या काष्ठकृतींचा एक विचार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फर्निचर आणि शिल्प यांच्यातील सीमारेषा पुसट करणाऱ्यांत अमेरिकन कलावंत वेंडेल कॅसल (१९३२–२०१८) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. कॅन्सस विद्यापीठात त्यांनी प्रथम औद्योगिक अभिकल्पाचे व नंतर शिल्पकलेचे शिक्षण घेतले. ही दुहेरी घडण त्यांच्या कृतींत सातत्याने जाणवते.

पारंपरिक सुतारकामात रूप हे सांध्यांच्या अधीन असते. पाय, बैठक आणि पाठ हे स्वतंत्र अवयव एकमेकांत बसवले जात असल्याने खुर्ची मूलतः चौकटच राहते. कॅसल यांनी साठच्या दशकात अंदाजे आकारात कापलेल्या फळ्यांचे थर चिकटवून ठोकळा सिद्ध करण्याची आणि तो यांत्रिक करवतीने व पटाशीने कोरण्याची पद्धत विकसित केली. परिणामी पाय कोठे संपतो आणि बैठक कोठे सुरू होते, हे सांगणारा सांधाच उरला नाही.

या मुक्ततेची किंमतही मोजावी लागते. थरांच्या ठोकळ्यात लाकूड हे मातीसारखे तटस्थ द्रव्य ठरते. झाडाची मूळ वाढ रूपाला दिशा देत नाही. जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांची दृष्टी याच्या नेमकी उलट होती. पाँडिचेरीतील 'गोलकोंड' या वास्तूच्या उभारणीत सहभागी झालेल्या आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत फर्निचर घडवलेल्या नाकाशिमांनी फळीची नैसर्गिक कड राखली व भेग न लपवता फुलपाखराच्या आकाराच्या लाकडी तुकड्याने सांधली.

कॅसल यांची 'घोस्ट क्लॉक' (१९८५) ही कृती पांढऱ्या चादरीने झाकलेल्या उंच घड्याळासारखी दिसते. प्रत्यक्षात चादर आणि घड्याळ दोन्ही महोगनीतून कोरलेली असून आत यंत्रणा नाही. येथील कौशल्य थक्क करणारे आहे. तथापि उपयोगाचे बंधन सुटताच रूपाला विरोध करणारे काही उरत नाही आणि आश्चर्य ओसरल्यावर कृतीकडे पुन्हा वळण्याचे कारण क्षीण होते. त्यांच्या आसनांचे तसे नाही. तेथे प्रत्येक वळणाला देहाचा भार पेलावा लागतो. रूपाची परीक्षा दृष्टीबरोबर स्पर्शानेही होते.

म्हणूनच उपयुक्तता हे कलामूल्यातील न्यून मानणारी उपयोजित कला आणि ललित कला यांची श्रेणीबद्ध विभागणी येथे अपुरी पडते. कॅसल यांच्या बाबतीत तरी उपयुक्तता हीच शिल्पाची कसोटी ठरते.