तुमच्याकडे फोन नाहीत का?

२ नोव्हेंबर २०१८. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमचं कन्व्हेन्शन सेंटर. ब्लिझार्ड कंपनीचा चाहत्यांसाठीचा मेळावा, म्हणजे ब्लिझकॉन, भरलेला आहे. मंचावर ‘डायब्लो इमॉर्टल’ या नुकत्याच जाहीर झालेल्या गेमचे डिझायनर वायट चेंग आहेत आणि समोर माइकपाशी प्रश्न विचारायला आलेले चाहते. हा गेम कधी पीसीवर येणार का, असं एकाने विचारलं. चेंग म्हणाले, सध्या तसा विचार नाही, गेम फक्त मोबाइलवर असेल. सभागृहातून हुर्यो उठली. चेंग गोंधळले आणि हसत हसत म्हणाले, तुमच्याकडे फोन नाहीत का?

त्याच प्रश्नोत्तरांत लाल शर्ट घातलेल्या एका चाहत्याने विचारलं, हा अवेळी केलेला एप्रिल फूल आहे का? सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. पुढच्या काही दिवसांत गेमच्या ट्रेलरवर लाखांनी डिसलाइक पडले आणि ‘तुमच्याकडे फोन नाहीत का’ हे वाक्य कायमचं मीम झालं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. दिवाळी चार-पाच दिवसांवर आलेली, निम्मं हॉस्टेल गावी गेलेलं. ती क्लिप मला व्हॉट्सअ‍ॅपवर आली. मी ती दहा वेळा पाहिली, पुढे पाठवली आणि त्या माणसाला मनसोक्त हसलो. हे सगळं मी फोनवर केलं. माझ्याकडे गेम चालेल असा पीसी नव्हता. डायब्लोशी माझा संबंध एवढाच, की शाळेत असताना चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर ‘डायब्लो २’ खेळलो होतो, तेही तो उठून जेवायला गेला की. तरी त्या दिवशी मी ठामपणे सभागृहाच्या बाजूने होतो. असं का, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला.

आधी त्या सभागृहात कोण होतं ते पाहू. ब्लिझकॉन २००५ पासून भरतो. २०१८ साली तिथल्या तिकिटाची किंमत होती १९९ डॉलर. शिवाय हॉटेल, जेवण, आणि परदेशातून येणाऱ्याला विमानाचं तिकीट व व्हिसा. म्हणजे एखाद्याची वर्षाची बचत नि वर्षाची रजा. एवढं करून मिळतं काय? जाहीर झालेला नवा गेम जगाच्या आधी पाहायला मिळतो आणि रांगेत उभं राहून काही मिनिटं खेळायला मिळतो. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण आपल्याकडे पायी पंढरपूरला जाणाऱ्याला कुणी ‘दर्शन किती सेकंद मिळालं’ असं विचारत नाही. जाण्यातच बरंचसं आलेलं असतं. आपल्यासारखी माणसं भेटतात आणि ज्या गोष्टीवर घरच्यांनी आयुष्यभर ‘पोरखेळ’ म्हणून शिक्का मारला ती तिथे चारचौघांत मोठी असते.

म्हणून उद्घाटनाच्या अगदी शेवटी, मानाच्या जागी, डायब्लोचं नाव आलं तेव्हा सगळ्यांना ‘डायब्लो ४’ची आशा होती. तिसरा भाग २०१२ चा, मध्ये सहा वर्षं गेलेली. अपेक्षा फार वाढवू नका, असं कंपनीने काही आठवडे आधी सूचित केलं होतं, पण आशा अशा सूचना वाचत नाही. आणि पडद्यावर आला मोबाइलचा गेम, चीनमधल्या नेटईज कंपनीबरोबर केलेला.

या प्रसंगाचे दोन अर्थ तेव्हाच ठरून गेले. पहिला असा, की चाहते लाडावलेले आहेत आणि हवं ते खेळणं मिळालं नाही म्हणून रडतायत. दुसरा असा, की कंपनी लोभी आहे आणि तिला जुन्या चाहत्यांची किंमत उरलेली नाही. मला दोन्ही अपुरे वाटतात, कारण दोन्ही अर्थ त्या सभागृहातच थांबतात. तिथे दाखवला गेलेला गेम जगात आला २ जून २०२२ ला. तो आल्यावर त्या दिवसाकडे पुन्हा पाहिलं, तर दोन्ही बाजू वेगळ्याच दिसतात.

सुरुवात चाहत्यांच्या रागापासून. त्यात काही रास्त होतं. १९९६-९७ च्या हिवाळ्यात आलेल्या पहिल्या भागापासून डायब्लो हा माउसचा गेम आहे. क्लिक केलं की राक्षस मरतो, क्लिक केलं की खाली पडलेली तलवार उचलली जाते. काचेवर अंगठा फिरवताना तो हात वेगळा होणार, ही शंका खरीच. पण त्या हुर्योमध्ये आणखी एक गोष्ट होती: फोनवरचा गेम हा खरा गेम नाही, फोनवर खेळणारा तो खरा खेळाडू नाही. ‘एप्रिल फूल’मधला विनोद याच समजुतीवर उभा आहे.

आता त्याच वर्षीचं आपलं गाव आठवा. २०१६ च्या शेवटी जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला होता. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि वर्षअखेरीपर्यंत कट्ट्यावर, बसस्टँडवर, लग्नाच्या हॉलच्या जिन्यात चार-चार पोरं डोकी खाली घालून एकमेकांना ओरडून सांगत होती की घराच्या मागे कोण आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी कन्सोल नव्हता, गेमिंग पीसी तर नव्हताच. त्यांना कुणी विचारलं असतं, तुमच्याकडे फोन नाहीत का, तर त्यांनी सरळ उत्तर दिलं असतं, आहे की, तेवढाच तर आहे. अ‍ॅनाहाइममध्ये उर्मट ठरलेला प्रश्न सांगली किंवा नांदेडमध्ये साधी चौकशी ठरतो. मी त्या क्लिपला हसलो तेव्हा मी स्वतःलाच हसत होतो. ज्या क्लबचं सभासदत्व मला परवडत नव्हतं, त्याच्या दारावरच्या पाटीची मी राखण करत होतो.

मग कंपनी बरोबर होती का? इथे त्या मेळाव्यातला दुसरा भाग येतो, ज्याची मीम झाली नाहीत. गेमचा डेमो तिथे खेळायला ठेवला होता. खेळून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी प्रामाणिकपणे सांगितलं की काचेवरचे कंट्रोल चांगले जमलेत, हाताला डायब्लो वाटतो. ते खोटं नव्हतं. चार वर्षांनी गेम आला तेव्हाही, कंट्रोल आणि लढाईबद्दल, टीकाकारांनी साधारण हेच म्हटलं.

पण डेमो म्हणजे काय, हे सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला वेगळं सांगायला लागत नाही. क्लायंटसमोर आपण एक ठरलेली वाट चालून दाखवतो. कुठलं बटण दाबायचं, कुठल्या मेनूत जायचंच नाही, हे आदल्या रात्री ठरलेलं असतं. यात फसवणूक असतेच असं नाही, ती वाट खरोखर बांधलेली असते. फक्त वाटेच्या बाजूला काय आहे ते दिसत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात जेवढा संसार कळतो तेवढाच डेमोत गेम कळतो.

आणि फुकट मिळणाऱ्या मोबाइल गेमच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. पूर्ण किमतीच्या गेमची पहिली पंधरा मिनिटं आवडली तर पुढचे तास साधारण त्याच जातीचे असतील, असा अंदाज बांधता येतो. फुकट गेमची पहिली पंधरा मिनिटं मात्र नेहमीच उदार असतात, कारण त्यांचं काम तुम्हाला आत आणणं हे असतं. गेमचं खरं रूप काही आठवड्यांनी दिसतं, जेव्हा तुमची प्रगती मंदावते आणि बाजूला दुकान उघडं असतं. ब्लिझकॉनच्या डेमोत ते दुकान नव्हतं. म्हणजे हजारो मैल प्रवास करून आलेल्या चाहत्याला गेमचा तोच तुकडा हातात मिळाला, ज्यावरून गेमबद्दल काहीच ठरवता येणार नव्हतं.

ते दुकान २०२२ मध्ये दिसलं. ‘डायब्लो इमॉर्टल’मध्ये तुमच्या पात्राची ताकद मोठ्या प्रमाणात दुर्मिळ रत्नांवर अवलंबून असते. ही रत्नं मिळवायची तर ‘एल्डर रिफ्ट’ नावाच्या भुयारात शिरण्याआधी एक मुद्रा खर्च करायची. मग काही मिनिटं राक्षस मारायचे आणि शेवटी रत्न पडतं. उत्तम मुद्रा फुकट खेळणाऱ्याला महिन्याकाठी मोजक्याच मिळतात, पैसे मोजणाऱ्याला हव्या तेवढ्या. पडलेलं रत्न कुठलं आणि किती ताऱ्यांचं, हे नशिबावर. ते वाढवायला तसलीच आणखी रत्नं लागतात. एक पात्र पूर्ण ताकदीला न्यायला लाखभर डॉलर लागतील, असे हिशेब खेळाडूंनी मांडले. पैसे देऊन शस्त्रं-चिलखतं मिळवता किंवा वाढवता येणार नाहीत, असं चेंग यांनी आधी सांगितलं होतं. शब्दशः ते खरं होतं. रत्नं ही शस्त्रं नव्हेत, ती शस्त्रांत बसवतात. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये लूट बॉक्सविषयीच्या कायद्यांमुळे गेम आणलाच गेला नाही. मेटाक्रिटिकवर खेळाडूंनी दिलेली सरासरी १० पैकी १ च्याही खाली गेली.

आणि एक तपशील, ज्याने २०१८ चं सगळं भांडण निकालात निघतं. तो गेम त्याच दिवशी पीसीवरही आला. सभागृहाने जे मागितलं होतं ते मिळालं. माउस मिळाला, मोठा पडदा मिळाला, आणि त्याने काहीही फरक पडला नाही, कारण मुद्रा आणि रत्नं तिथेही तीच होती.

म्हणजे रोग फोनचा नव्हता. मला तर वाटतं, तो डायब्लोच्या बाहेरूनही आलेला नाही. या मालिकेचं हृदय पहिल्यापासून सोडतीचं आहे. राक्षस मारा, काहीतरी पडेल, बहुतेकदा टाकाऊ, कधीतरी सोनं. चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर मी ‘आणखी एकच’ म्हणत बसायचो तो याच्यासाठीच. फक्त त्या सोडतीचं तिकीट मी वेळेत मोजत होतो. वेळेच्या जागी पैसा आणण्याचा पहिला प्रयत्न ‘डायब्लो ३’मध्ये झाला. तिथे खऱ्या पैशांचं लिलावघर होतं, आणि ते होतं पीसीवर. राक्षस मारून लूट मिळवण्याचा मूळ खेळच त्याने पोखरला जातोय, हे कंपनीने स्वतः मान्य केलं आणि मार्च २०१४ मध्ये ते बंद केलं. अ‍ॅनाहाइमच्या सभागृहातल्या अनेकांनी ते दिवस खेळून काढले होते. इतिहास त्यांच्या हातात होता. त्यांनी विचारायला हवं होतं, यात लिलावघर आहे का? त्यांनी विचारलं, हा पीसीवर येईल का?

इथे मला चाहता या भूमिकेचीच मर्यादा दिसते. चाहता मेळाव्याला जातो तो पाहुणा म्हणून, तिकीट स्वतःच्या पैशाने काढलेलं असलं तरी. पाहुण्याला दोनच गोष्टी जमतात: कौतुक करणं किंवा रुसणं. डेमो खेळून ‘कंट्रोल मस्त आहेत’ म्हणणारा कौतुक करत होता, लाल शर्टवाला रुसला होता. स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उघडणारा पाहुणा नसतोच. ते काम टीकाकाराचं. आणि गेमच्या दुनियेत आपण ते काम बरीच वर्षं चाहत्यांवरच सोडून दिलं आहे, कारण त्यांना सर्वांत जास्त माहिती असते. माहिती असते हे खरं, पण हवंसं वाटणंही त्यांनाच सर्वांत जास्त असतं.

त्याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. नोव्हेंबर २०१९, तेच सभागृह, आणि पडद्यावर ‘डायब्लो ४’. अंधारी दृश्यं, रक्त, जुन्या भागांची आठवण करून देणारं सगळं. जल्लोष झाला, डेमोसाठी रांगा लागल्या. तो गेम जून २०२३ मध्ये ७० डॉलरना आला, आणि वर दुकान व बॅटल पास. दुकानात ताकद विकायला नव्हती, फक्त पोशाख-सजावट होती, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करायला हवा. पण पूर्ण किंमत देऊनही आत दुकान असणं ही गोष्ट फोनवरच्या गेमनीच रुळवली होती. फोनला हुर्यो करणाऱ्यांच्या पीसीवर ती हळूच येऊन बसली.

लाल शर्टवाल्या त्या मुलाला पुढे बऱ्याच जणांनी द्रष्टा ठरवलं, कारण गेम वाईट निघाला. मी त्याला द्रष्टा म्हणणार नाही. त्याला वास आला होता, जागा मात्र चुकली. तरी त्या दिवशी त्या इमारतीत मंचाला अवघडवणारा प्रश्न मोठ्याने विचारणारे फार थोडे होते आणि तो त्यांच्यातला एक होता, हे श्रेय त्याचंच. राहता राहिले चेंग. त्यांचा प्रश्न ज्यांनी खरा मानला असता, ती माणसं त्या सभागृहात नव्हतीच. ती आपण होतो. आपल्याकडे फोन होते. त्यावर चांगला डायब्लो आला असता तर आपण तो कौतुकाने खेळलो असतो. आला तो मुद्रांचा हिशेब. म्हणजे सभागृहाने आपल्याला खेळाडू मानलं नाही, आणि कंपनीने मानलं ते गिऱ्हाईक.

आता नव्या गेमच्या प्रिव्ह्यूचा व्हिडिओ आला की मी तो अजूनही रात्री जागून फोनवरच पाहतो. कुणीतरी परदेशी जाऊन खेळून आलेला असतो, डोळे चमकत असतात, आणि त्याचा आनंद खोटा नसतो. मी फक्त कमेंटमध्ये एक प्रश्न टाकून येतो: दुकान कुठल्या मेनूत आहे, आणि ते तुम्हाला उघडू दिलं का?