'रूट' बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

डीएनए लसींवरचे पेपर वाचायला घेतलेत की एक वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल: रूट बदलला की इम्यून रिस्पॉन्स बदलतो. मीही पहिल्या वर्षी सिनॉप्सिसमध्ये ते बिनधास्त लिहिलं. गाईडनी बाजूला पेन्सिलने एवढंच लिहिलं, 'रूट की पद्धत?' आठवडाभर मला प्रश्नच कळला नव्हता.

तो कळला फेल्टक्वेट आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या पेपरमुळे (जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी). तुलना अनेकदा अशी व्हायची: सलाइनमधला डीएनए सुईने स्नायूत, विरुद्ध जीन गनने त्वचेत. म्हणजे जागाही बदलली आणि साधनही. यांनी इन्फ्लुएन्झाच्या हिमॅग्लुटिनिनचं प्लास्मिड उंदरांना चारही प्रकारे दिलं. सुईने दिलं की त्वचा असो वा स्नायू, प्रतिसाद टीएच-१ कडे झुकलेला, आयजीजी-२ए जास्त. गनने दिलं की दोन्हीकडे टीएच-२, आयजीजी-१ जास्त. फरक जागेचा नव्हता, पद्धतीचा होता!

पण इथे टाळ्या वाजवून थांबू नका. 'पद्धत' हेही एक गाठोडंच आहे. गन सोन्याच्या कणांवरचा डीएनए थेट पेशीत घुसवते, त्यामुळे अगदी थोडा पुरतो. सुईने दिलेला बहुतेक पेशींबाहेरच राहतो, म्हणून कितीतरी जास्त लागतो. आणि बॅक्टेरियात वाढवलेल्या प्लास्मिडमधले मिथाइल नसलेले सीपीजी टीएलआर-९ ला जागं करून टीएच-१ कडे ढकलतात. डोस वाढवला की नकळत अॅडज्युव्हंटही वाढला! 'अॅडज्युव्हंटशिवाय' असं लेबल लावलेल्या गटाकडे मी आता जरा संशयानेच बघते. आयएल-१२ चं प्लास्मिड जोडलेला प्रयोग असेल, तर तेवढंच रिकामं वेक्टर दिलेला गट आहे का, हे मेथड्समध्ये आधी शोधा.

आपल्याकडची झायकोव्ह-डी 'त्वचेतून दिली म्हणून चालली' असं सेमिनारमध्ये सर्रास ऐकू येतं. तिसऱ्या टप्प्यात तुलना प्लासिबोशी होती, ६६.६ टक्के हा अंतरिम आकडा लस चालते एवढंच सांगतो. पहिल्या टप्प्यात ४८ जणांमध्ये सुई आणि सुईविरहित साधन अशी तुलना झाली, पण दोन्ही त्वचेतच. साधनाबद्दल थोडं कळतं, स्नायूपेक्षा त्वचा बरी का, याबद्दल काहीच नाही.

माझ्या तक्त्यात आता 'रूट' हा रकाना नाही. जागा, साधन, डोस असे तीन आहेत. सिनॉप्सिसमधलं ते वाक्य खोडलं. त्याच्या जागी अजून दुसरं बसलेलं नाही.