न उलगडलेले पत्र : स्टानिस्लाव लेम यांच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’मधील परग्रहीय संकेताचा प्रश्न

परग्रहावरील प्रगत संस्कृतीकडून संदेश आला तर मानवाला तो उलगडता येईल काय, हा प्रश्न विज्ञानकथांतून बहुधा फार लवकर सुटतो. एक प्रतिभावान शास्त्रज्ञ, एक महासंगणक आणि काही रात्रींचे जागरण एवढ्या भांडवलावर संदेश वाचून होतो व कथा पुढील साहसाकडे वळते. पोलिश साहित्यिक स्टानिस्लाव लेम (१९२१-२००६) यांची १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि मायकेल कँडेल यांच्या १९८३ च्या इंग्रजी अनुवादामुळे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या नावाने परिचित झालेली कादंबरी मात्र या प्रश्नापाशीच थांबते.

शीर्षकातच लेम यांचा रोख व्यक्त होतो. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे बसलेला श्वान महाराष्ट्रातील रसिकांनीही तबकड्यांवर वर्षानुवर्षे पाहिला आहे. धन्याचा आवाज त्याला ऐकू येतो. त्यातील अर्थाशी त्याचा संबंध नाही. मूळ पोलिश शीर्षकात ‘प्रभूचा आवाज’ अशीही छटा असून इंग्रजीत ती काहीशी फिकी झाली आहे.

अवकाशातून येणारा न्यूट्रिनोंचा एक प्रवाह ठरावीक काळाने जसाच्या तसा पुन्हा सुरू होतो, असे आढळते. अमेरिकी शासन नेवाडाच्या वाळवंटातील जुन्या अणुचाचणी क्षेत्रात त्याच्या उकलीसाठी गुप्त प्रकल्प उभारते. गणितज्ञ पीटर होगार्थ याचे मरणोत्तर प्रकाशित हस्तलिखित, असे कादंबरीचे रूप आहे. होगार्थ संकेताचा एक गणिती गुणधर्म सिद्ध करतो. इतर शास्त्रज्ञ संकेताच्या अल्पशा अंशावरून एक विलक्षण द्रव्य तयार करतात. या द्रव्याला एक गट ‘बेडकाची अंडी’ म्हणतो, तर दुसरा ‘माशांचा स्वामी’. वस्तू एक, नावे दोन आणि आकलन जवळजवळ शून्य! ज्याला जे शास्त्र अवगत, त्याला संकेतात तेच दिसते. पुढे त्यातून दूरस्थ स्फोटाचे अस्त्र निघेल काय, या शंकेने होगार्थ व त्याचा सहकारी गुप्तपणे प्रयोग करतात. अस्त्र निघत नाही. परंतु अपरिचिताचे पत्र हाती येताच मानवाला प्रथम अस्त्र सुचावे, हे शीतयुद्धकालीन विज्ञानावरील कठोर भाष्य होय.

लेम यांच्या संशयाला लिपिशास्त्राचा इतिहास दुजोरा देतो. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये ‘लिनिअर बी’ लिपी कोणत्याही द्वैभाषिक लेखाच्या आधाराविना उलगडली. कारण त्या चिन्हांखाली ग्रीक भाषा होती. तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या ‘लिनिअर ए’मधील अनेक चिन्हांचे उच्चार अंदाजाने करता येतात, पण खालची भाषा अज्ञात असल्याने ती आजही अवाचित आहे. मानवाने मानवासाठी लिहिलेल्या मजकुराची ही स्थिती असेल, तर ज्याचे शरीर, इंद्रिये आणि गरजा कल्पनेपलीकडच्या आहेत अशा लेखकाचे काय?

तथापि लेम यांचा निराशावाद जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. प्राचीन लेखनिकांनी परक्या वाचकाचा विचार केलेला नव्हता. याउलट हान्स फ्रॉयडेंथाल यांनी १९६० मध्ये मांडलेली ‘लिंकॉस’ ही भाषा अंकगणितापासून पायरीपायरीने शिकवीत जाते. प्रेषकाची शिकविण्याची इच्छा असेल, तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. लेम यांचा प्रेषक शिकवीत नाही, आणि ही लेखकाने केलेली निवड आहे, निसर्गनियम नव्हे. अर्थात हा आक्षेपही अर्धाच टिकतो. १९७४ मध्ये अरेसिबो येथून पाठविलेल्या संदेशात १६७९ द्विमान अंक होते. ही संख्या २३ व ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. अंकांची योग्य मांडणी केल्यास चित्र उमटते. गुणाकार कोणत्याही गणितज्ञाला सापडेल; मांडणीतून चित्र पाहावे, हे मात्र डोळे असणाऱ्यालाच सुचेल.

कलाकृती म्हणून कादंबरीत उणिवा आहेत. प्रदीर्घ चर्चांमुळे कथानक रेंगाळते, होगार्थखेरीज बहुतेक पात्रे मतांची वाहक उरतात आणि स्त्रीपात्रांचा जवळजवळ अभाव आहे. पण या चर्चांतच तिचे मोल आहे. अखेरीस तो प्रवाह संदेश नसून विश्वातील नैसर्गिक घटना असावी, असाही सिद्धांत प्रकल्पात मांडला जातो आणि त्याचे निर्णायक खंडन कोणालाच करता येत नाही. आयुष्यभर पुराव्याचा आग्रह धरणारा होगार्थ मात्र तो संदेशच होता, या श्रद्धेवर ठाम राहतो.