दूधवाल्याचं शास्त्र

मराठी माणूस प्रवासाला निघाला की ‘कुठं जायचं’ हा प्रश्न लवकर सुटतो. ‘काय काय न्यायचं’ हा गाडी सुटेपर्यंत सुटत नाही. रेल्वेच्या डब्यात या स्वभावाला वाव होता. होल्डॉल, दोन ट्रंका, फिरकीचा तांब्या आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेली छत्री. आता हाच माणूस मोटारसायकलवरून लडाखला निघतो. स्वभाव तोच, फक्त डबा नाही. म्हणून तो बॅग घ्यायला जातो.

दुकानात बॅगा लिटरवर असतात. ‘हिच्यात चाळीस लिटर बसतं’ असं विक्रेत्यानं म्हणायचा अवकाश, गिऱ्हाईक मनातल्या मनात चाळीस लिटर भरायला लागतं. साठ लिटरची दाखवली तर त्याला इस्त्रीसुद्धा आठवते. बॅगेची मूळ खोड हीच. ती रिकामी राहत नाही.

आता एकेकीचे गुणदोष. टँक बॅग दिसायला गोजिरवाणी. पेट्रोलच्या टाकीवर लोहचुंबकानं बसते. पाकीट, चष्मा, गोळ्या हाताशी राहतात. पण पुष्कळ नव्या गाड्यांच्या टाकीवर प्लास्टिकचा साज असतो. तिथं चुंबकाचं प्रेम एकतर्फी ठरतं. अशांनी पट्ट्यांची घ्यावी.

सॅडल बॅगा म्हणजे गाढवावरच्या गोणीची शहरात शिकलेली नात. कामाला चांगली, पण सायलेन्सरशी सलगी केली की वितळते आणि आतल्या शर्टाला खिडकी पडते.

मागं आडवी बांधायची, तोंड गुंडाळायची बॅग हा आपल्या होल्डॉलचाच पुनर्जन्म. तोंडाला तीनचार वेढे देऊन बकल लावलं, की पावसाळ्यात ताम्हिणी घाटसुद्धा तिचं काही बिघडवू शकत नाही, कारण चांगल्या प्रतीच्या बॅगेचे जोड शिवलेले नसून वितळवून चिकटवलेले असतात. याउलट ‘रेनकव्हर फुकट’ या अक्षरांना भुलू नये. ते कव्हर वाऱ्यानं फुगतं आणि एखाद्या वळणावर आपल्याआधी दरी बघायला जातं. बॅग कुठलीही असो, कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत हे उत्तम.

राहिल्या ॲल्युमिनियमच्या पेट्या. रुबाब जबरदस्त. कुलूप लागतं, त्यामुळं धाब्यावर निवांत जेवता येतं. पण त्या रिकाम्या असतानाच जड, आणि रिक्षा व बस यांच्या फटीतून आरसा जातो तिथून पेटी जात नाही. शिवाय वाळूत गाडी कलली की पाय पेटीखाली सापडण्याची भीती.

इथं थट्टा थोडी बाजूला ठेवू. ओझं जितकं उंच आणि मागं, तितकं पुढचं चाक हलकं होतं. मग उतारावर, ओल्या वळणावर गाडी आपलं ऐकत नाही, आणि मागच्या सीटवर तर आपलंच माणूस बसलेलं असतं. गाडीच्या माहितीपुस्तकात कमाल भार छापलेला असतो. त्यात चालवणारा, मागं बसणारा आणि सामान अशी सगळ्यांची बेरीज असते. हे पान कुणी वाचत नाही.

ते न वाचताही ज्याला कळलं असा एकच तज्ज्ञ आम्हांला ठाऊक आहे, तो म्हणजे खेड्यातून येणारा दूधवाला. दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, म्हणजे ऐंशी किलोंच्या वर दूध. दोन्हीकडं सारखं, आणि हँडलला टांगलेलं तर मुळीच नाही. रतीब घालताना एकाच कॅनमधलं दूध काढत बसला तर गाडी कलेल, हे त्याला कुठल्या दुकानदारानं सांगितलेलं नाही.

चे गव्हेरा आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रानादो 1952 मध्ये जुन्या नॉर्टनवरून दक्षिण अमेरिका बघायला निघाले होते. चिलीत गाडीनं राम म्हटला. प्रवास मात्र थेट व्हेनेझुएलापर्यंत झाला. गाडीवाचून अडलं नाही, तिथं इस्त्रीवाचून काय अडणार?

तेव्हा बॅग घ्यायची ती सामान बघून नव्हे. आधी लहान बॅग घ्यावी आणि सामानाला तिच्यात बसायला शिकवावं. जे बसलं नाही ते घरीच बरं असतं. छत्री तर नक्कीच. मोटारसायकलवर ती उघडता येत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना तेवढं पटवून द्यावं लागतं.