बेलापूरची घरं कुणी बिघडवली?

वास्तुकला शिकणाऱ्या बहुतेकांना बेलापूर पहिल्यांदा भेटतं ते पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या रेखाचित्रात. मधे छोटंसं अंगण, भोवती सात घरं, उतरती कौलं. चार्ल्स कोरिआंनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात केलेली ही वसाहत. नवी मुंबईत तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, रिक्षावाल्याला एवढं नाव सांगितलं की पुरतं. दुसरी भेट होते वर्गातल्या केस स्टडीत. पडद्यावर दोन स्लाइड शेजारी शेजारी. एकीवर लिहिलेलं असतं ‘तेव्हा’, दुसरीवर ‘आता’. ‘आता’मध्ये तीन मजली घरं, निळ्या काचा, चकचकीत टाइल, स्टीलचे रेलिंग. सर थोडा वेळ थांबतात. मग कुणीतरी म्हणतं, लोकांनी वाट लावली.

मला ही हळहळ पटत नाही. तिच्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की घर म्हणजे पेंटिंग, एकदा सही झाली की त्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. पण या प्रकल्पाचं पुस्तकी नावच मुळी ‘इन्क्रिमेंटल हाउसिंग’ आहे, म्हणजे टप्प्याटप्प्यानं वाढणारी घरं. ती वाढली म्हणून सुतक कसलं पाळायचं?

आराखडा जरा नीट बघूया. साडेपाच-सहा हेक्टर जमीन आणि साधारण ५५० कुटुंबं. आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका चौकाभोवती सात घरं. असे तीन गट, म्हणजे एकवीस घरं, बारा मीटर बाय बारा मीटरच्या मोठ्या चौकाला लागलेले. असे तीन मोठे गट जवळ आले की त्याहून मोठी मोकळी जागा. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यान, म्हणजे कमी पगाराच्या आणि बऱ्या पगाराच्या माणसाच्या जमिनीत फार अंतर नाही. आणि प्रत्येक घर सुटं. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही.

हा शेवटचा मुद्दा वर्गात एका वाक्यात उरकतात. त्याची किंमत कळायला फ्लॅटमध्ये राहावं लागतं. माझ्या दहावीच्या वर्षी बाबांनी आमची गॅलरी आत घेतली, तिथे माझं टेबल बसलं. त्यासाठी सोसायटीच्या दोन मीटिंगा झाल्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आईशी वर्षभर बोलत नव्हत्या. नवी मुंबईतल्या कुठल्याही इमारतीकडे मान वर करून बघा, आत घेतलेल्या गॅलऱ्या मोजता येणार नाहीत. लोकांना खोली हवी असते, हे काही गुपित नाही. बेलापुरात कोरिआंनी ही गरज आधीच मान्य केली आणि भांडणाची जागाच नकाशात ठेवली नाही. तुझी भिंत तुझी, तिच्यावर मजला चढव, माझं काही जात नाही.

आता प्रत्यक्ष चौक. मी दोनदा जाऊन त्यातले बरेच पायी फिरले. मूळ घरं थोडी उरलीत. एकाच्या कौलांवर निळी ताडपत्री टाकलेली होती. बाकीच्यांनी पाडून नवी बांधलीत, आणि शेजारी शेजारी असूनही दोन घरांची आवड एक नाही. एकाला रोमन खांब आहेत. एकाच्या गच्चीवर पत्र्याची शेड. एका दारापुढे तुळशीवृंदावन, त्याला लागून दोन ॲक्टिव्हा. मधल्या आंब्याला पार बांधलेला, त्यावर वाळत टाकलेली चादर. सुंदर म्हणवत नाही. पण मी पाहिलेल्या चौकांत सातपैकी एकाही घराची भिंत चौकात पुढे आलेली नव्हती. मजले वर गेलेत, पाय जिथल्या तिथे आहेत.

असं का झालं असेल? मला वाटतं, उत्तर सात या आकड्यात आहे. आठ मीटरचा चौक महापालिकेला सांभाळायला फार लहान आणि एका घरानं गिळायला फार मोठा. सात घरांत सगळे एकमेकांना नावानं ओळखतात, कुणी वीट टाकली तर संध्याकाळपर्यंत विषय होतो. सत्तर घरं असती तर तो विषय झालाच नसता, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला असता. कोरिआंनी इथे घर कमी आणि शेजार जास्त डिझाइन केला. घरं हा वापरून संपणारा भाग होता.

याचा अर्थ सगळं छान झालं असा मी लावत नाही. घरं एकमजली होती तेव्हा तो चौक अंगण होता. तीन मजले चढल्यावर त्याच आठ मीटरची विहीर होते. दुपारी चार वाजता मी उभी होते तिथे एका कोपऱ्यातच ऊन होतं. कोरिआंचा आग्रह आभाळाखालच्या जागेचा होता, आपल्या हवेत अशी जागा म्हणजे एक खोलीच असते असं त्यांचं म्हणणं. ती खोली आता अंधारी झालीये. तिला त्याहून मोठा त्रास गाडीचा आहे. एक कार उभी राहिली की चौकाचा मोठा तुकडा गेला, दोन उभ्या राहिल्या की मुलांचं क्रिकेट बंद. १९८३ च्या मध्यमवर्गाच्या दारात गाडी नव्हती, त्यामुळे नकाशात तिला जागा नाही. पैशाचं म्हणाल तर नकाशा जमिनीचा भाव थांबवू शकत नाही. बेलापुरात स्वतःच्या जमिनीवरचं सुटं घर ही आता चैन आहे. ज्याच्यासाठी ही वसाहत काढली, त्या माणसाला आज तिथे घर घेणं परवडणार नाही.

वर्गातल्या हळहळीत यातलं काहीच येत नाही. तिथे फक्त कौलं येतात.

याच कोरिआंची पेडर रोडजवळची कांचनजंगा १९८३ मध्येच पूर्ण झाली. २८ मजले, ३२ फ्लॅट, कोपऱ्यात दोन मजली उंचीचे मोकळे टेरेस. ऊन-पावसापासून आडोसा आणि तरी बाहेरची हवा, हा तोच जुना व्हरांड्याचा विचार, श्रीमंतांसाठी उंचावर नेलेला. कांचनजंगा कुणालाही आवडते, मलाही. ती अजून पुस्तकातल्या फोटोसारखी दिसते, आणि त्याचं श्रेय आपण वास्तुकाराला देतो. तिथल्या माणसाला खोली कमी पडली तर तो दुसरा फ्लॅट घेऊ शकतो, ही बाब सोयीनं विसरतो.

चिलीच्या आलेहान्द्रो अरावेनांचं उदाहरणही वर्गात नेहमी येतं. त्यांच्या ऑफिसनं इकीके शहरात ९३ कुटुंबांना अर्धं अर्धं घर बांधून दिलं, उरलेलं अर्धं ज्याचं त्यानं भरायचं. २०१६ मध्ये त्यांना प्रिट्झकर मिळालं. काम मोठंच आहे. पण तिथे भरायची पोकळी आधीच मापून, दोन भिंतींमध्ये ठेवलेली असते, त्यामुळे लोकांनी काहीही भरलं तरी चित्राची चौकट सुटत नाही, फोटो चांगला येतो. बेलापुरात वर काय व्हावं याला चौकट नाही, फक्त खाली जमिनीवर आहे. म्हणून ते फोटोत वाईट दिसतं. आम्ही फोटोंवरून शिकतो, हा आमच्या शिक्षणाचा प्रॉब्लेम आहे, बेलापूरचा नव्हे.

मग बघायला शिकायचं कुणाकडून? मी सुधीर पटवर्धनांचं नाव घेईन. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी ठाणे, उल्हासनगर, लोअर परळ रंगवलं. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या एनजीएमएमध्ये त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. त्यांच्या चित्रांत इमारती एकमेकींच्या अंगावर आलेल्या असतात, पूल, नाले, पत्रे, गच्च्या, आणि या सगळ्यात कुठेतरी वाट काढणारी माणसं. ते काही साफ करत नाहीत आणि नाकही मुरडत नाहीत. वास्तुकलेच्या मासिकांतल्या फोटोत माणूस फार तर एक धूसर सावली असतो, उंचीचं माप कळावं म्हणून उभा केलेला. पटवर्धनांच्या चित्रात माणूस काढून टाकला तर इमारतीला अर्थच राहत नाही. ती नजर घेऊन आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेलं तर रोमन खांबसुद्धा वाचता येतात: कुणीतरी पहिल्यांदा स्वतःचं घर बांधलं आणि ते रस्त्यावरून दिसावं असं त्याला वाटलं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. नवी मुंबईत रीडेव्हलपमेंटचं वारं आहे, वाशीत जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. आर्टिस्ट व्हिलेजबद्दल कुणी बोललंच तर ‘उरलेली मूळ घरं हेरिटेज म्हणून जपा’ एवढंच बोलतात. जपावीत, माझी हरकत नाही. पण एक घर पाडून त्याच प्लॉटवर दुसरं बांधलं तर चौकाचं फारसं बिघडत नाही, सात दारं सातच राहतात. दोन-तीन प्लॉट एकत्र करून एक मोठं घर उठलं की मात्र गणित बदलतं. सातातले चार प्लॉट एकाच्या हातात आले, की विचारणारं कुणी उरत नाही. चौक त्याचं पार्किंग होतो आणि गेट बसायला एक रविवार पुरतो. जपायची तर प्लॉटची हद्द जपायला हवी. दोन प्लॉट जोडायला मनाई करणारा एक साधा नियम कौलांच्या दुरुस्तीपेक्षा जास्त कामाचा ठरेल. पण हद्द फोटोत दिसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणी मोहीम काढत नाही.

जाणार असाल तर संध्याकाळी जा, पोरं बाहेर असतात तेव्हा. कौलं शोधत बसू नका, चौकात उभं राहून दारं मोजा. मी पाहिलेल्या एका चौकात ती आताच सहा आहेत.