सुनावणीला कोण येतं? 'नेबरहूड डिफेंडर्स' हे पुस्तक संशोधकाच्या नजरेतून

पीएचडीचा विषय शोधताना बहुतेकांकडे प्रश्न मोठा असतो, पण डेटा कुठून आणायचा इथे गाडी अडते. म्हणून आज अशा एका पुस्तकाबद्दल, ज्याचा डेटा सरकारी कपाटात सगळ्यांसमोर पडून होता. कॅथरिन लेव्हिन आइनस्टाइन, डेव्हिड ग्लिक आणि मॅक्सवेल पामर हे बोस्टन युनिव्हर्सिटीतले तिघे राज्यशास्त्रज्ञ. त्यांचं 'नेबरहूड डिफेंडर्स' हे पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलं. त्याचा गाभा असलेला लेख २०१९ मध्ये 'पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स' या जर्नलमध्ये आला होता. आधी लेख वाचा, मग पुस्तक. लेखात मेथड सुटसुटीत सांगितली आहे.

पुस्तक चांगलंच आहे. पण त्याचा निष्कर्ष आता इतक्या सहज उद्धृत होतो की तो नेमका कशावर उभा आहे हे कुणी फारसं तपासत नाही. ते आपण तपासू.

सुनावणी म्हणजे काय?

अमेरिकेत जमिनीच्या वापराचे नियम मुख्यतः गाव किंवा शहर ठरवतं. प्लॉट किती मोठा हवा, घर रस्त्यापासून किती मागे हवं, एका जागेवर किती कुटुंबं राहू शकतात, हे सगळं झोनिंगमध्ये येतं. नियमात न बसणारं काही करायचं असेल तर स्थानिक बोर्डाकडे अर्ज करावा लागतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात हे 'चॅप्टर ४०ए' या कायद्याखाली चालतं. जमिनीचा आकार, उतार किंवा माती अशी आहे की नियम जसाच्या तसा लावला तर मालकाची मोठी अडचण होते, असं दाखवलं तर 'व्हेरिअन्स' म्हणजे नियमातून सूट मिळू शकते. अर्ज आल्यापासून ६५ दिवसांत जाहीर सुनावणी घ्यावी लागते. पाच जणांचं बोर्ड असेल तर सूट द्यायला चार मतं लागतात, तीन जणांचं असेल तर तिघांचीही. म्हणजे पाचातले दोन सदस्य बिथरले की अर्ज पडला. शेजाऱ्यांचं बोलणं महत्त्वाचं ठरतं ते यामुळेच.

राज्याच्या 'ओपन मीटिंग लॉ'नुसार अशा बैठकांचं इतिवृत्त ठेवणं बंधनकारक आहे. कोण आलं, कशावर बोललं, बोर्डानं काय ठरवलं, याची कंटाळवाणी पानंच्या पानं. या तिघांनी तीच वाचली.

त्यांनी केलं काय?

बोस्टन महानगर भागातली ९७ शहरं आणि गावं घेतली. काळ साधारण २०१५ ते २०१७. नियोजन बोर्ड आणि झोनिंग बोर्डांच्या बैठकांत नव्या घरबांधणीवर बोललेल्या प्रत्येक नागरिकाची नोंद काढली. तो बाजूनं बोलला, विरोधात बोलला की मधलंच काही, हे कोड केलं. इतिवृत्तात नाव आणि पत्ता सापडतो, त्यावरून ती व्यक्ती मतदार यादीत शोधली. वय, लिंग, किती वर्षांपासून मतदार, स्थानिक निवडणुकीत मत देते का, हे तिथून मिळालं. घर स्वतःचं आहे का, हे मालमत्तेच्या नोंदींवरून.

यातून आलेलं चित्र असं. बोलणारे लोक इतर मतदारांपेक्षा वयानं मोठे, जास्त प्रमाणात पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक. घरमालकांचं प्रमाण बोलणाऱ्यांत सुमारे ७३ टक्के, तर एकूण मतदारांत सुमारे ४६ टक्के. नव्या बांधकामाला विरोध करणाऱ्या टिप्पण्या साधारण ६३ टक्के, पाठिंबा देणाऱ्या जेमतेम १५ टक्के. लोकसहभाग वाढवला की दुबळ्यांचा आवाज पोचतो, असं आपण गृहीत धरतो. इथे उलटंच दिसलं. सहभागाची ही जागाच ज्यांच्याकडे आधीपासून घर आहे त्यांच्या हातात गेली आणि घर शोधणाऱ्यांसाठी बांधकाम कमी झालं किंवा लांबलं. नियम जितके जास्त, तितक्या अडवायच्या जागा जास्त, हे पुस्तकाचं दुसरं म्हणणं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम शिकण्यासारखी. तुलना मतदार यादीशी आहे, लोकसंख्येशी नाही. म्हणजे जे नागरिक नाहीत, ज्यांनी नाव नोंदवलेलं नाही, जे नुकतेच राहायला आलेत, ते तुलनेतूनच बाहेर. आपल्यातला कुणीही व्हायव्हात म्हणेल, 'मग सॅम्पल चुकलं की!' पण थांबा आणि चूक कोणत्या दिशेला झुकते ते बघा. यादीबाहेर राहिलेल्यांत भाडेकरू आणि स्थलांतरित जास्त असणार. ते धरले असते तर दरी आणखी रुंद दिसली असती. म्हणजे ही मर्यादा निष्कर्षाला कमकुवत करत नाही. तुमच्या प्रबंधात 'मर्यादा' नावाचं प्रकरण असेलच. तिथे नुसती यादी देऊ नका, प्रत्येक मर्यादा निष्कर्षाला कुठे ढकलते ते लिहा.

पहिला आक्षेप: कोणत्या सुनावण्या मोजल्या?

लेखकांनी एकापेक्षा जास्त घरं असलेल्या प्रस्तावांवरच्या टिप्पण्या घेतल्या. त्यांचा प्रश्न घरटंचाईचा, म्हणून ही निवड योग्यच. पण झोनिंग बोर्डाचं रोजचं काम वेगळं असतं. कुणाला मागे डेक वाढवायचाय, कुणाला गॅरेजवर एक खोली हवीय, कुणाचा जुना प्लॉट नव्या नियमात बसत नाही. अर्जदार तिथलाच रहिवासी, बाजूचे दोन-तीन मालक हजर, बोर्डाचे सदस्यही बहुतेक ओळखीचे.

या सुनावण्या डेटात नाहीत. पण जो घरमालक दहा फ्लॅटच्या इमारतीला 'आमच्या भागाचं रूप बिघडेल' म्हणतो, तोच स्वतःच्या वाढीव खोलीसाठी त्याच बोर्डापुढे हात जोडून उभा असू शकतो. पुस्तकातला घरमालक आपल्याला फक्त हरकत घेणारा म्हणून भेटतो. अर्जदार म्हणून तो कसा बोलतो, त्याला किती सहज सूट मिळते, आणि तेच नियम बिल्डरच्या अर्जाला किती कडक लागतात, ही तुलना झाली असती तर युक्तिवाद कितीतरी धारदार झाला असता. सूट दोघांनाही सारखीच अवघड असेल तर दोष नियमांचा. एकाला सोपी आणि दुसऱ्याला अवघड असेल तर दोष बोर्डाचा. आत्ताच्या डेटावरून यातलं काय खरं हे ठरवता येत नाही. कुणाला विषय हवा असेल तर हा मोकळा आहे, आणि इतिवृत्तं तीच.

दुसरा आक्षेप: बोलावलं कोणाला?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चॅप्टर ४०एचं कलम ११ वाचा. सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे द्यायची. शिवाय टपालानं नोटीस पाठवायची: अर्जदाराला, लगतच्या जमिनीच्या मालकांना, रस्त्यापलीकडच्या समोरच्या मालकांना, आणि ३०० फुटांच्या आत असतील तर लगतच्यांच्या लगतच्या मालकांना. हे मालक ओळखायचे कुठून? कर आकारणीच्या यादीवरून.

म्हणजे पत्र येतं मालकाला. त्याच इमारतीत पंधरा वर्षं भाड्यानं राहणाऱ्या बाईंना येत नाही. पुढे बोर्डाचा निर्णय पटला नाही तर २० दिवसांत कोर्टात जाता येतं. तिथेही नोटीस मिळालेल्या या मालकांना आपलं नुकसान होतंय असं सुरुवातीला गृहीत धरलं जातं. इतरांना ते आधी सिद्ध करावं लागतं.

आता ७३ टक्क्यांचा आकडा पुन्हा बघा. घरमालक जास्त बोलले कारण घराच्या किमतीत त्यांचा जीव अडकलेला असतो, हे एक स्पष्टीकरण. घरमालक जास्त बोलले कारण कायद्यानं त्यांनाच पत्र पाठवलं, हे दुसरं. दोन्ही खरी असू शकतात. पण उपाय वेगळे निघतात. पहिलं खरं असेल तर सुनावण्यांचं वजनच कमी करावं लागेल. दुसरं खरं असेल तर भाडेकरूंनाही नोटीस पाठवून बघता येईल. पुस्तकाचा भर बोलणाऱ्यांच्या हितसंबंधांवर आहे. नोटिसीची रेषा मात्र तपासण्याजोगी होती. पत्ते हातात होते, मग ३०० फुटांच्या आतले मालक आणि थोडेसे बाहेरचे मालक यांच्यात बोलण्याचं प्रमाण किती बदलतं? अंतराचा परिणाम हळूहळू कमी होतो, नोटिसीचा रेषेवर एकदम तुटतो. त्या तुटण्यावरून दोन कारणं निदान काही अंशी वेगळी काढता येतात.

यानंतर याच गटानं एका नव्या सहलेखिकेसोबत कोविडकाळातल्या झूम बैठकांचा अभ्यास केला. प्रवास नको, मुलं कुणाकडे ठेवायची चिंता नको, तर वेगळे लोक येतील अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. बोलणारे जवळपास तसेच राहिले. यावरून अडचण वेळेची किंवा अंतराची नाही, असं म्हणता येतं. मात्र बैठक झूमवर गेली तरी नोटिसीची यादी कर आकारणीचीच राहिली. दार बदललं, आमंत्रणं तीच. त्यामुळे हा निकाल दोन्ही स्पष्टीकरणांत बसतो.

तिसरा आक्षेप: 'सामान्य जनता' कोणती?

बोलणारे लोक जनतेपेक्षा फार जास्त विरोधी आहेत असं म्हणायचं, तर जनतेचं मत कळायला हवं. त्यासाठी लेखकांनी २०१० सालच्या सार्वमताचा आधार घेतला. परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांना एकत्रित परवानगी देणारा 'चॅप्टर ४०बी' हा कायदा रद्द करावा का, असा प्रश्न होता. राज्यातल्या सुमारे ५८ टक्के मतदारांनी 'नको' म्हटलं, कायदा टिकला.

पण हे दोन प्रश्न एकच आहेत का? एक, राज्यात कुठेतरी परवडणारी घरं व्हावीत का? दोन, तुमच्या घरामागच्या रिकाम्या जागेवर चार मजले व्हावेत का? तोच माणूस पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकतो, आणि त्याला त्यात विसंगती वाटणारही नाही.

पुस्तकानंतरची एक घटना इथे बघण्यासारखी आहे. बोस्टनच्या लोकल रेल्वेचा लाभ मिळणाऱ्या १७७ गावांनी एका पट्ट्यात तरी बहुकुटुंबी घरांना विनासुनावणी परवानगी द्यावी, असा कायदा राज्यानं २०२१ मध्ये केला. मिल्टन या गावात तिथल्या निवडून आलेल्या टाउन मीटिंगनं डिसेंबर २०२३ मध्ये तसा आराखडा मंजूरही केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गावाचं सार्वमत झालं आणि सुमारे ५४ टक्क्यांनी तो फेटाळला. पुढे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं कायदा वैध आणि बंधनकारक ठरवला, मात्र मार्गदर्शक नियम रीतसर केले नाहीत म्हणून ते नव्यानं करायला लावले.

मिल्टनमध्ये मंगळवारी रात्री दोन तास बसू शकणाऱ्या मूठभर लोकांनी प्रस्ताव अडवला नाही, मतपेटीनं अडवला. मधल्याच वेळी घेतलेल्या स्थानिक मतदानालाही ठरावीकच लोक येतात, असं यावर म्हणता येईल आणि ते बरोबरही आहे. तरी एवढं कबूल करावं लागतं की विरोध फक्त सुनावणीच्या खोलीत तयार होत नाही. खोली तो मोठा करते. किती मोठा, हे अजून मोजायचं बाकी आहे.

आपल्याकडे करायचं झालं तर

ही मेथड उचलून पुण्या-मुंबईला लावायचा मोह होईल. आधी फरक बघा. आपल्याकडे जाहीर हरकती-सूचना येतात त्या मुख्यतः विकास आराखड्यावर. एमआरटीपी कायदा, १९६६ च्या कलम २८ खाली नियोजन समिती त्या ऐकते. एकेका घराच्या बांधकाम परवानगीवर शेजाऱ्यांची अशी नियमित सुनावणी होत नाही. त्यामुळे 'कोण बोललं' हे विचारायच्या आधी 'कशावर बोलता येतं' हे विचारा. शिवाय हरकती एकाच मसुद्याच्या शेकडो प्रतींवर सह्या करूनही दिल्या जातात. एक अर्ज म्हणजे एक मत धरलं तर मोजणीच फसेल. कोडबुक बनवताना याचा नियम आधी लिहून ठेवा, डेटा बघून नंतर नको. कागद मिळवायला माहिती अधिकार आहेच, पण अर्जदारांची नावं-पत्ते प्रबंधात छापू नका.

मग पुस्तक वाचावं का?

नक्की वाचावं. सहभाग म्हणजे आपोआप न्याय, या समजुतीला त्यांनी आकड्यांनी धक्का दिला. तेही कुणी हात न लावलेल्या कागदांतून. माझी तक्रार एवढीच की पुस्तकाच्या नावापासूनच बोलणाऱ्यांची एक जात ठरून जाते: परिसराचे रक्षक. इतिवृत्त हे सारांश असतं, शब्दशः नोंद नसते. ते लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला जे नोंदवावंसं वाटलं तेवढंच आपल्यापर्यंत येतं. गप्प बसून घरी गेलेला भाडेकरू त्यात नाही. ज्याला पत्रच आलं नाही तोही नाही. विरोध होणार म्हणून बिल्डरनं दाखलच न केलेला अर्ज तर कुठल्याच कागदावर नाही.

तुम्ही असा कुठलाही सरकारी कागद डेटा म्हणून घ्याल, तेव्हा कोडिंग सुरू करण्याआधी तो कागद ज्या कायद्यामुळे तयार होतो ते कलम मुळातून वाचा. इथे ते एका पानाचं आहे, आणि ७३ टक्क्यांचं निदान एक कारण त्यातच लिहिलेलं आहे.