अद्भुतपट : संकेत आणि आवाहन

मराठी समीक्षेत ‘अद्भुतरम्य’ हे विशेषण बराच काळ कमीपणा दर्शविण्यासाठीच वापरले गेले. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात येतो तो बहुधा हरिभाऊ आपट्यांच्या वास्तववादाची पूर्वपीठिका म्हणून. अद्भुत ही जणू वाङ्मयाची बाल्यावस्था आणि वास्तव ही प्रौढावस्था. चित्रपटाच्या विचारातही हा ग्रह जसाच्या तसा उतरला. शाप, मंत्र, पिशाच आणि चमत्कार यांवर उभा राहिलेला चित्रपट भोळ्याभाबड्यांसाठी किंवा मुलांसाठी, असे मानून त्याची चर्चा आटोपती घेतली जाते. या ग्रहाच्या मुळाशी दोन समजुती आहेत. अद्भुतपट प्रेक्षकाच्या अज्ञानावर जगतो, ही पहिली; आणि अद्भुतात काहीही घडू शकते, ही दुसरी. दोन्ही तपासून पाहिल्या पाहिजेत.

पहिल्या समजुतीचे खंडन आपल्या चित्रपटाच्या आरंभकाळातच झालेले आहे. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोगही करीत आणि त्यासाठी स्वतःचे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी घेतले होते. त्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) बाळकृष्णाची भूमिका त्यांच्या कन्येने, मंदाकिनीने, केली. चित्रपटाच्या आरंभी ती मुलगी स्वतःच्या रूपात समोर येते, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखविते आणि मग तिचाच कृष्ण होतो. म्हणजे भ्रम कसा रचला आहे हे आधी सांगून मग प्रेक्षकाला भ्रमाचे निमंत्रण दिले जाते. तरीही कालियाच्या फण्यांवरील नृत्याचा विस्मय उणावत नाही. प्रेक्षक फसलेला नसतो. त्याने संकेताला मान्यता दिलेली असते.

हे तत्त्व चित्रपटाच्या यंत्राने निर्माण केलेले नाही. छत्तीसगडातील भिलाईचा दाखला या बाबतीत बोलका आहे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. धातूचे कार्यकारण रोज हाताळणारे हे शहर. त्याच्याच परिसरातील गनियारीच्या तीजनबाई याच कारखान्यात नोकरीला होत्या आणि पंडवानीच्या कापालिक शैलीत उभ्याने महाभारत सांगत. त्यांच्या हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. तंबुरा तंबुराच आहे हे श्रोत्यांना पुरते ठाऊक असे. मंचावरचा साथीदार, ज्याला ‘रागी’ म्हणतात, मधूनमधून हुंकार देतो, प्रश्न विचारतो, आणि त्याच्या हुंकाराने गदेला वजन येते. अज्ञानाचा येथे संबंधच नाही. अद्भुताला लागतो तो हुंकार, आणि अद्भुतपटाचा सारा संकेतव्यूह तो मिळविण्यासाठी असतो.

आता दुसरी समजूत. अद्भुतात काहीही घडू शकते, असे वाटणाऱ्याने आपल्या व्रतकथा आठवाव्यात. तेथे देव प्रसन्न होतो तो वशाच्या अटीवर. वसा टाकला की वैभव जाते. वराला अट आणि शापाला उःशाप जोडलेला असतोच. चांगल्या अद्भुतपटाचा कणाही हीच अट असते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चे (१९९३) हॉलिवुडच्या ‘चाइल्ड्स प्ले’शी (१९८८) नाते उघड आहे. पण बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूचा जीव भ्रूमध्यात ठेवला की कथा योगविद्येच्या परिचित परिभाषेत येते. आणि रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांची परंपरा प्रेक्षकाला आधीच माहीत असते. मनुष्यदेह हवा असेल तर ज्याला आपली ओळख प्रथम सांगितली त्याच्याच शरीरात शिरले पाहिजे, ही अट कळताच भय आणि विनोद यांना एकच दिशा मिळते.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) हे सूत्र अधिक गंभीर होते. चित्रपट हिंदी, पण त्यातले घर, कुळाचार आणि हाव मराठी, नावही श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेले. हस्तराला अन्नाची भूक आहे. पिठाच्या रिंगणात उभे राहायचे, कणकेची बाहुली पुढे करायची आणि तो ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटीतील मोहरा ओढून घ्यायच्या. एका खेपेस मूठभरच सोने. बापलेक अधिकाच्या लोभाने अनेक बाहुल्या घेऊन उतरतात, तेव्हा तितकेच हस्तर उभे राहतात. अट मोडण्याचा हा क्षण म्हणजेच या कथेचा नैतिक अर्थ. त्याला वेगळ्या भाष्याची गरज उरत नाही. १९१८ ते १९४७ हा काळ त्यामुळे नुसती पार्श्वभूमी राहत नाही.

अटीइतकाच महत्त्वाचा दुसरा संकेत साक्षीदाराचा आहे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) आठवण निघाली की वैकुंठाला नेणाऱ्या गरुडाचे दृश्य डोळ्यांपुढे येते. त्या उड्डाणाला खरेपणा मात्र गौरी यांनी उभी केलेली जिजाई देते. म्हैस, मुले आणि चूल यांच्या पलीकडचे काही मानायला ती तयार नाही. प्रेक्षकाचा सारा संशय तिच्या तोंडून आधीच बोलला गेलेला असतो. ती खालीच राहते आणि तिच्या मुक्कामामुळे आकाशाची उंची मोजता येते. पंडवानीतील रागीचे काम येथे ती करते. तिच्या विरोधातूनच हुंकार उमटतो.

निर्वहण संधीत अद्भुत रस योजावा, असे भरताने नाट्यशास्त्रात सांगितले आहे. विस्मयापर्यंत येण्यासाठी मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श अशा पायऱ्या चढाव्या लागतात, हे त्यात गृहीत आहे. संगणकाने काहीही दाखविण्याची सोय झाल्यापासून अनेक चित्रपट पहिल्याच प्रसंगात शेवटचा विस्मय खर्च करून टाकतात. तेथे अटही नसते, साक्षीदारही नसतो. मग डोळे दिपतात, पण हुंकार निघत नाही.

अद्भुतपटाला पलायनवादी म्हणणाऱ्यांनी म्हणूनच एक भेद ध्यानात घ्यावा. इच्छा विनासायास पुरविणारा चित्रपट पलायनाची वाट दाखवितो, यात शंका नाही. इच्छेची अट ठरविणारा आणि ती अट मोडल्यावर काय ओढवते हे दाखविणारा अद्भुतपट मात्र आपल्याला आपल्याच इच्छेसमोर उभे करतो. वास्तववादी कलाकृतीकडून आपण याहून वेगळी अपेक्षा ठेवीत नाही. ‘अद्भुतरम्य’ या शब्दातील हेटाळणी काढून टाकण्यास एवढे कारण पुरेसे आहे.